खरबुजाचा वेल आणि दाखवलेलं बोट

संक्रांत झाली. रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं आटोपली की ज्यांच्या परसदारी थोडी माती आहे, किंवा गच्चीवर चार डबे ठेवण्याइतकी जागा आहे, त्यांनी खरबुजाचं बी बाहेर काढावं. थंडी ओसरली की बी टाकायचं, ते फेब्रुवारी संपेपर्यंत. आधी घाई केली तर गार मातीत बी नुसतं कुजत पडतं. आणि मार्च उलटल्यावर टाकलं तर फळ पिकायला आणि वळवाचा पाऊस यायला एकच गाठ पडते.

लागवडीचं सगळं सांगणार आहेच. पण आधी एका पत्राबद्दल बोलायचंय.

पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलंय. लिहिणाऱ्या भगिनीनं नावगाव छापू नका असं बजावलंय, म्हणून ते देत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी घरामागे खरबुजाचे चार वेल लावले. वेल असे माजले की मागची भिंत दिसेना. पिवळी फुलंही पुष्कळ. पण फळ म्हणाल तर सुपारीएवढं व्हायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं. दोन फळं तेवढी लिंबाहून मोठी झाली, ती वेलावरच सडली. सासूबाईंनी आधी शेजारच्या मुलाला दोष दिला, त्यानं फळाकडे बोट दाखवलं म्हणून. मग त्यांच्या ध्यानात आलं की सूनबाई 'अडचणीच्या' दिवसांतही वेलांना पाणी घालत होत्या. झालं! यंदा वेल लावायला परवानगी आहे, पण त्या चार दिवसांत सुनेनं मागच्या दारी पाऊल टाकायचं नाही. आणि आठवीत गेलेल्या नातीनंही नाही. पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे, 'ताई, खरंच असं असतं का? मुलीला काय सांगू?'

नाही, असं नसतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांतपणे वाचता येईल.

पण नुसतं 'ही अंधश्रद्धा' एवढं म्हणून घरात भागत नाही, हे तुम्हीही जाणता. फळं गळाली हे तर खरंच आहे. सासूबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलंय. मग ती का गळाली हे दाखवता आलं पाहिजे, आणि ते दाखवता येतं.

खरबुजाच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. पहिले आठ-दहा दिवस जी येतात ती सगळी नरफुलं. मुख्य वेलावर, पानांच्या बेचक्यात, झुबक्यानं. त्यांचा देठ बारीक आणि सरळ असतो. ती एक दिवस फुलतात आणि गळतात, त्यांनी गळायचंच असतं. पुष्कळ बायका इथंच धास्तावतात. दुसरी फुलं फळाची. ती मुख्य वेलावर फारशी नसतात, बाजूच्या फांद्यांवर, पहिल्या-दुसऱ्या पेरापाशी येतात. फूल उलटं करून पाहा. पाकळ्यांच्या मागे वाटाण्याएवढं लवदार हिरवं फळ आधीच बसलेलं दिसेल. हे फळ दिसलं म्हणजे फळ 'धरलं' असं नव्हे. नरफुलातले परागकण त्या फुलाच्या मधोमध असलेल्या चिकट कुक्षीवर पोचले तरच ते वाढणार. खरबुजाच्या बहुतेक जातींत या फळाच्या फुलाला स्वतःचेही परागकण असतात. पण ते चिकट असतात, आपसूक जागचे हलत नाहीत. ते हलवणारी कोण, तर मधमाशी. तीही सकाळच्या चार तासांत आली पाहिजे, कारण दुपारनंतर फूल मिटायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी ते उपयोगाचं नसतं.

मधमाशी आली नाही तर? तर ते वाटाण्याएवढं फळ तीन-चार दिवस वाढल्यासारखं करतं, टोकाकडून पिवळं पडतं, सुरकुततं आणि गळतं. पत्रातलं वर्णन अगदी हेच आहे. आपल्या गावांतून मधमाश्या कमी झाल्यात. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत तर त्या क्वचितच फिरकतात. त्यातून कुणी सकाळच्या वेळी कीटकनाशक फवारलं तर विचारूच नका.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथं मागच्या अंगणात चार वेल आहेत. आठवीच्या मुलींना परागीभवनाचा धडा असतो. पुस्तकातली आकृती काढून त्या कंटाळतात, म्हणून एका वर्षी आम्ही वेलावरच धडा घेतला. संध्याकाळी, उद्या उमलणार अशा फळाच्या कळ्या बघून ठेवल्या आणि त्यांना पतंगाच्या कागदाच्या छोट्या पिशव्या घातल्या. सकाळी निम्म्या फुलांच्या पिशव्या काढल्या, नरफुलाचा पराग लावला, पिशवी परत घातली आणि देठाला तांबडा दोरा बांधला. बाकीची तशीच झाकलेली ठेवली आणि त्यांना पांढरा दोरा. आठवड्यानं पाहिलं तर पांढऱ्या दोऱ्याचं एकही फळ वेलावर नव्हतं. तांबड्या दोऱ्याची चांगली लिंबाएवढी झालेली. पराग लावायला सगळ्या वर्गानं पाळीपाळीनं हात लावला होता. त्यांत त्या दिवसांतल्या मुली नसतील असं कसं होईल? मी विचारलं नाही. वेलानं तर नाहीच विचारलं.

आता बोटाची गोष्ट. कोवळ्या काकडीकडे, भोपळ्याकडे बोट करू नये, ते कुजतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बोट दाखवलंच तर ते दुमडून दाखवायचं! हे कुठून आलं असावं याचा मला एक अंदाज आहे. फळ लिंबाएवढं झालं, कोवळं लुसलुशीत झालं की ते आपल्या नजरेत भरतं, आपण कौतुकानं दुसऱ्याला दाखवतो. नेमक्या त्याच वेळी ते फळमाशीच्याही नजरेत भरतं. ही माशी घरमाशीहून थोडी लांबट, तांबूस-पिवळी, गांधीलमाशीची धाकटी बहीण वाटावी अशी. मादी आपल्या शेपटाकडच्या सुईनं कोवळ्या सालीला टोचते आणि आत अंडी घालते. वरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, त्यावर कधी डिंकासारखा थेंब. आत अळ्या होतात, फळ एका बाजूनं आखडतं, वाकडं होतं आणि सडतं. आपल्याला आठवतं काय, तर चार दिवसांपूर्वी कुणीतरी बोट दाखवलं होतं!

तेव्हा यंदा असं एखादं सडकं फळ निघालं तर फेकू नका. सासूबाईंसमोर ताटलीत घेऊन सुरीनं कापा. आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या त्यांना स्वतःला दिसू देत. वाद घालू नका, 'बघा, मी म्हणत नव्हते?' असंही म्हणू नका. आयुष्यभर ज्यांनी वेल लावलेत त्यांना एकदा अळी दिसली की पुढचं त्या आपणच बोलतात.

ते फळ नंतर वेलाखाली टाकू नका बरं. अळ्या मातीत उतरून कोश करतात, आणि पुढची पिढी तुमच्याच दारात तयार. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-सहा दिवस कडक उन्हात ठेवावं, किंवा दोन फूट खोल पुरावं. आणि फळ धरलं, सुपारीएवढं झालं, की त्याला जुन्या सुती साडीची सैलसर पिशवी शिवून घालावी. वर्तमानपत्राची पुडीही चालते. औषधापेक्षा पिशवी बरी. शेतीच्या दुकानात 'क्यू ल्यूर'ची गोळी घातलेला सापळा मिळतो, तो वेलांजवळ टांगला की नरमाश्या त्यात अडकतात. तिथं आंब्याच्या माशीचाही सापळा असतो, त्यात 'मिथाइल युजेनॉल' असतं; वेलवर्गी फळांच्या माशीला तो चालत नाही. दुकानदार घाईत असेल तर हातात कुठलाही ठेवतो, म्हणून नाव सांगून मागा.

विटाळाची समजूत ही काही आपल्याच घरची नाही. ते वाचल्यावर मला हसू आलं आणि रागही आला. पहिल्या शतकातल्या रोममध्ये कोलुमेला नावाचा शेतीवर लिहिणारा एक गृहस्थ होऊन गेला. त्यानं चक्क लिहून ठेवलंय की काकड्या आणि भोपळे लावलेल्या जागी बाईला शक्य तो येऊ देऊ नये, आणि ती त्या दिवसांत असेल तर तिच्या नुसत्या नजरेनं कोवळी फळं मरतात. म्हणजे आमच्या परसदारातली सासू आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा तो रोमन जमीनदार एकाच मताचे! गंमत अशी की त्याच ग्रंथात थोडं पुढे भाजीवरच्या अळ्या मारायचा उपायही दिलाय. तो काय, तर तशाच दिवसांतल्या बाईला अनवाणी, मोकळ्या केसांनी वाफ्याभोवती तीनदा फिरवावं, अळ्या मरून पडतात. वेल मारणारीही तीच आणि वाचवणारीही तीच. बागेतल्या कामाला मात्र तिला कुणी लावायचं नाही.

आणि हे काही जुन्या काळातच राहिलं नाही. घटसर्पाच्या चाचणीमुळे नावाजलेला बेला शिक नावाचा व्हिएन्नातला डॉक्टर. त्यानं १९२० साली असं मांडलं की पाळीच्या दिवसांत बाईच्या घामातून एक विष बाहेर पडतं आणि तिनं हातात धरलेली फुलं कोमेजतात. हे त्याला सुचलं कशावरून, तर त्याच्या मोलकरणीनं हाताळलेली फुलं लवकर सुकली एवढ्यावरून. पुढे कित्येक वर्षं लोकांनी ते विष शोधलं, पण ते काही सिद्ध झालं नाही. वनस्पतींतही नर-मादी असतात आणि पराग मिळाला नाही तर बी धरत नाही, हे जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या कामेरारियस या वैद्यानं १६९४ सालीच दाखवून दिलं होतं. त्यानं एरंडाची नरफुलं खुडून टाकली, तर एरंडाला धड बी धरलंच नाही. म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या हातातल्या फुलांवरून काय ठरवावं आणि काय ठरवू नये हे कळायला सव्वादोनशे वर्षं मिळाली होती.

पत्रलेखिकेला माझं सांगणं असं. सासूबाईंशी आत्ता, वेल लावण्याआधी भांडण काढू नका. वेल लावा. त्यांच्याकडूनच मातीची, खताची कामं समजून घ्या. त्यांना ती आपल्यापेक्षा जास्त येतात. मार्चमध्ये फळाची फुलं दिसायला लागली की सकाळचं परागाचं काम मुलीकडे सोपवा. तिच्या चार दिवसांतही. त्या दिवसांत पराग लावलेल्या फुलांना तांबडा दोरा, बाकीच्यांना पांढरा. हे सासूबाईंपासून लपवून करू नका. लपवलं तर काही गैर केल्यासारखं होतं, आणि मुलीच्या मनात तेच घर करतं. 'आई, हिच्या शाळेचा प्रयोग आहे, महिनाभर चालू द्या' असं सरळ सांगा. शाळेच्या नावाला आपल्याकडे अजून मान आहे. मुलीला काय सांगू असं तुम्ही विचारलंत. तिला दोरे द्या, ती स्वतःच बघेल.

आता पराग कसा लावायचा ते. सकाळी सात ते नऊ ही वेळ. त्याच दिवशी उमललेलं नरफूल खुडा, पाकळ्या सोलून टाका, मधला पिवळा भाग फळाच्या फुलातल्या कुक्षीवर हलकेच टेकवा. खरबुजाचं फूल लहान असतं, म्हणून बोटं जाड वाटत असतील तर रंगकामाचा मऊ कुंचला घ्या. एका फळाच्या फुलाला दोन-तीन नरफुलांचा पराग मिळाला तर फळ गोल भरतं, नाही तर एका अंगानं पोचट राहतं. आणि एक. एका वेलावर तीन-चार फळं धरली की वेल पुढची आपणहून गाळतो. त्याला तेवढीच पोसवतात. शिवाय पारा चाळिशीच्या वर गेला की फुलं कमी धरतात. तेव्हा मनाची तयारी असू द्या, प्रत्येक तांबडा दोरा टिकेल असं नाही.

ज्या यंदा पहिल्यांदाच लावणार आहेत त्यांच्यासाठी थोडं अगदी सुरुवातीपासून.

बाजारातून आणलेल्या खरबुजाचं बी धुऊन लावलं तर चालेल का, हा दरवर्षीचा प्रश्न. उगवतं हो, छान उगवतं. पण हल्ली बाजारातली बहुतेक खरबुजं संकरित जातींची असतात, त्यांच्या बियांपासून तसंच फळ येत नाही. तीन महिने पाणी घालून फिक्कं फळ खायचं असेल तर गोष्ट वेगळी! त्यापेक्षा सरळ वाणाचं बी घ्यावं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा शरबती', पंजाब कृषी विद्यापीठाची हिरव्या गराची 'हरा मधु' आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का जीत' या जाती चांगल्या. डब्यात किंवा लहान जागेत मला 'अर्का जीत' पसंत. फळ साधारण अर्ध्या किलोचं, गर पांढरा आणि गोड. चार माणसांच्या घरात एका वेळी संपतं, उरलेलं चिरून ठेवायची भानगड नाही. कोकणातल्या मैत्रिणींनी चिबूड लावावा, पण आत्ता नाही, पावसाच्या तोंडावर. गणपतीत गुळाबरोबर खायला तो होतो. देशावर बांधावर उगवणारं शेंदाड हेही याच कुळातलं, जरी हल्ली ते आपल्याला 'शेंदाड शिपाई' या शब्दापुरतंच ठाऊक असतं.

काकडीशेजारी खरबूज लावलं तर ते बेचव होतं, असंही म्हणतात. होत नाही. काकडी आणि खरबूज यांचा संकर होत नाही. चिबूड किंवा शेंदाड जवळ असेल तर होतो, पण त्याचा परिणाम यंदाच्या फळावर नसतो, त्याच्या बियांवर असतो.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवा, मटकीला मोड आणतो तसंच. दोन-तीन दिवसांत पांढरं टोक दिसतं. ते खाली करून अर्धा इंच खोल लावा. खरबुजाची मुळं नाजूक, उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. म्हणून जागच्या जागी लावावं, नाही तर कागदाच्या कपात लावून कपासकट मातीत ठेवावं. जमिनीवर दीड फूट लांब-रुंद-खोल आळं करून त्यात निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालावी. गच्चीवर तेलाचा पंधरा किलोचा डबा, बुडाला पाच-सहा भोकं पाडून. एका डब्यात एकच वेल. कुणी मूठभर युरिया देऊ केला तर आभार मानून परत करा. युरियानं पानंच माजतात. पत्रातल्या वेलांचा तो माज मला त्यातलाच वाटतो.

दोन पानांवर असतानाच तांबडे भुंगे येतात आणि पानांची चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. ज्यांच्याकडे अजून बंब पेटतो त्यांनी त्यातली लाकडाची राख चाळून पानांवर भुरभुरावी. वेल चार-पाच पानांचा झाला की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण खुडा. त्याशिवाय बाजूच्या फांद्या लवकर फुटत नाहीत, आणि फळाची फुलं तर तिथंच. वेल जमिनीवर पसरला तर फळाखाली फळीचा तुकडा किंवा वाळकं गवत. मांडवावर चढवला तर फळाला साडीच्या काठाची झोळी.

पाणी मुळाशी, सकाळी. पानांवर उडवू नये, केवडा येतो. फळ पूर्ण मोठं झालं की पाणी कमी करायचं. त्या वेळी जास्त पाणी दिलं तर फळ तडकतं आणि गोडी उतरते. एप्रिलच्या उन्हात दुपारी पानं मान टाकतात, पण संध्याकाळी सावरत असतील तर हात आवरा.

फळ धरल्यापासून साधारण महिना-सव्वा महिन्यानं पिकतं. साल हिरवटाची पिवळी होते, वास सुटतो, आणि देठाच्या बुडाभोवती बारीक चीर दिसते. बोटानं नुसतं ढकललं की फळ सुटून हातात येतं. तेव्हाच काढा. खरबूज खुडल्यावर मऊ होतं, वास येतो, पण त्यातली साखर वाढत नाही; केळ्या-आंब्यासारखं हे अढीत पिकवायचं फळ नव्हे. कापण्याआधी साल नीट धुवा. मातीवर लोळलेलं असतं, सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते.

पहिलं, चांगलं भरलेलं, गोड निघालेलं फळ बियांसाठी धरा. एरवीच्या बिया धुऊन वाळवून मगज काढावा, होळीची नसली तरी पुढच्या उन्हाळ्यातल्या थंडाईला होतो. लावायच्या बियांचा बुळबुळीतपणा मात्र दोन-तीनदा पाण्यात चोळून काढा. पाण्यावर तरंगतील त्या पोचट, त्या टाका. बुडालेल्या सावलीत आठवडाभर वाळवा. कागदाच्या पुडीत बांधून चिमूटभर राखेबरोबर डबीत ठेवा, आणि पुडीवर जात आणि साल लिहा. तीन-चार वर्षं त्या चांगल्या उगवतात.